ज्याचा राग येतो, त्याच्याच निकालाचा आधार

ताई,

मी मूळचा पुण्याचा. तिथं कायद्याची पदवी घेतली आणि आता अमेरिकेत पुढचं शिकतोय. कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात आम्ही विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली गरीब आरोपींची अपिलं तयार करतो. माझ्याकडे अमली पदार्थांचं एक प्रकरण आलंय. प्रयोगशाळेचा अहवाल ज्या तज्ज्ञानं लिहिला तो साक्षीला आलाच नाही, त्याच्या जागी दुसराच उभा केला. सर म्हणाले, "क्रॉफर्डपासून सुरू कर. स्कॅलियांचा निकाल आहे, सोनं आहे सोनं." स्कॅलिया म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दिवंगत, पुराणमतवादी न्यायमूर्ती, आणि क्रॉफर्ड हा साक्षीदाराला समोर आणायच्या हक्कावरचा त्यांचा निकाल.

ताई, मी समलिंगी आहे. 6 सप्टेंबर 2018 ला आपल्याकडे कलम 377 चा निकाल आला आणि समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा मी आणि माझा जोडीदार डेक्कनच्या कोपऱ्यावर उभे राहून रडलो होतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा टेक्ससचा कायदा बहुमतानं रद्द केला, त्या 2003 च्या लॉरेन्स विरुद्ध टेक्सस खटल्यातलं स्कॅलियांचं भिन्नमत परवा रात्री मी वाचलं. त्यात त्यांनी लिहिलंय की, अनेक अमेरिकनांना उघडपणे समलिंगी असलेले लोक धंद्यात भागीदार म्हणून, मुलांचे शिक्षक म्हणून किंवा घरात भाडेकरू म्हणून नको असतात. मी इथं एका घरात भाडेकरूच आहे. सकाळी 'न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी योग्यच म्हटल्याप्रमाणे' एवढं टाइप केलं आणि हात थांबला. जोडीदार म्हणतो, त्या माणसाचं नाव तुझ्या कागदावर नको. सर म्हणतात, अशिलाचं बघ. अशा माणसाशी माझं काही जुळतं असं म्हणणं ही स्वतःशी गद्दारी नाही का?

– ग., अमेरिका

प्रिय ग.,

हात थांबला ते बरंच झालं. 'योग्यच म्हटल्याप्रमाणे' हे शब्द खोडून टाक. अपिलाला त्यांची गरज नाही आणि तुझ्यावरही कुणी त्यांची सक्ती केलेली नाही. बाकीचं सावकाश बोलू.

आधी एक गोष्ट उरकून घेते. तुला कुणीतरी लवकरच एक फोटो दाखवेल. 1994 सालचा, आपल्या राजस्थानातला. हत्तीवर पुढे अँटोनिन स्कॅलिया आणि मागे त्याच कोर्टातल्या उदारमतवादी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग. मतं दोन टोकांची, पण दोघं एकत्र ऑपेराला जायचे, थर्टी फर्स्टला दोन्ही कुटुंबं एकत्र जेवायची. फोटो दाखवणारा म्हणेल, बघ, त्यांना जमलं, तुला का जमत नाही? त्याचं मनावर घेऊ नकोस. ती मैत्री खरी होती, पण ती त्या दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांसमोर बसून कमावलेली होती. तू त्या माणसाला कधी भेटला नाहीस. तुझ्या वाट्याला आलंय ते त्यांचं लिहिलेलं, आणि त्यातला एक परिच्छेद थेट तुझ्या दारावर येऊन आदळलाय. राग येणारच. तो गिळायला मी सांगणार नाही.

आता माझी गोष्ट. सरकारी खर्चानं नेमलेली बचाव पक्षाची वकील म्हणून मी इथं बरीच वर्षं काम केलं. सुरुवातीच्या काळात माझा एक अशील होता, हॉटेलात भांडी घासणारा. शेजारणीनं पोलिसांना जबाब दिला होता की, रात्री मारहाण करून पळताना तिनं यालाच पाहिलं. जबाब टेपवर होता. खटला उभा राहीपर्यंत ती दुसऱ्या राज्यात राहायला गेलेली. न्यायाधीशांनी टेप ऐकली, 'जबाब विश्वासार्ह वाटतो' म्हणाले आणि ज्युरीसमोर ती वाजवायला परवानगी दिली. मी उलटतपासणीसाठी पिवळ्या वहीत सतरा प्रश्न लिहून नेले होते. टेपरेकॉर्डरला काय विचारणार? माझा अशील माझ्याकडे बघत होता आणि मी त्या वहीकडे. शिक्षा झाली.

अपील पडून होतं. 8 मार्च 2004 ला, महिला दिनाच्या दिवशी, क्रॉफर्ड विरुद्ध वॉशिंग्टनचा निकाल आला. मी तो छापून घेतला आणि कोर्टाच्या जिन्यातच बसून वाचला. लेखक कोण ते पहिल्या पानावर दिसलं तेव्हा मलाही तुझ्यासारखंच झालं होतं. लॉरेन्सला वर्षही झालं नव्हतं. पण दहाव्या पानापर्यंत मी ते विसरले, कारण माझी अडचण मला सांगता आली नव्हती इतक्या नेमकेपणानं हा माणूस मांडत होता.

मायकल क्रॉफर्डनं आपल्या बायकोवर बलात्काराचा प्रयत्न केल्याच्या संशयावरून एकाला भोसकलं होतं. त्याचं म्हणणं, स्वसंरक्षण केलं. बायकोचा पोलिसांपुढचा जबाब थोडा वेगळा पडत होता. नवरा-बायकोच्या साक्षीबद्दलच्या नियमामुळे ती पिंजऱ्यात आली नाही, तिची टेप मात्र वाजली. 1980 पासूनचा नियम असा होता की, जबाब 'विश्वासार्ह' आहे असं न्यायाधीशाला वाटलं तर साक्षीदार नसला तरी चालेल. त्या एका टेपला खालच्या कोर्टानं विश्वासार्ह म्हटलं, अपिलाच्या कोर्टानं नाही म्हटलं, राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं पुन्हा हो म्हटलं. स्कॅलियांनी हा नियमच मोडीत काढला. ते मागे गेले थेट 1603 पर्यंत, सर वॉल्टर रॅलेच्या खटल्यापर्यंत. रॅलेविरुद्ध लॉर्ड कोबहॅमचा कागदावरचा जबाब वाचला गेला. रॅले परोपरीनं सांगत राहिला की त्याला बोलवा, माझ्या तोंडावर बोलू दे. कोबहॅमला बोलावलं नाही आणि रॅलेला देहदंड ठोठावला गेला. स्कॅलियांचं म्हणणं, अमेरिकेच्या सहाव्या घटनादुरुस्तीत साक्षीदाराला समोरासमोर आणण्याचा हक्क लिहिला गेला तो नेमका हे पुन्हा होऊ नये म्हणून. पुरावा विश्वासार्ह दिसतो म्हणून उलटतपासणी वगळणं म्हणजे आरोपी गुन्हेगार दिसतो म्हणून ज्युरी वगळण्यासारखं आहे, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं.

तुला हे परकं वाटायचं कारण नाही. पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नव्हे, हे आपण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 162 खाली घोकून आलोय. गावाकडच्या कोर्टातला नवखा वकीलही सांगेल की, साक्षीदार पिंजऱ्यात येऊन काय बोलतो ते महत्त्वाचं.

माझ्या अशिलाचा खटला पुन्हा चालला. शेजारीण आली. आठव्या प्रश्नाला ती म्हणाली की, चेहरा दिसला नव्हता, जॅकेट ओळखीचं वाटलं. निळं जॅकेट. तसली जॅकेटं त्या हॉटेलात काम करणाऱ्या सगळ्यांना मिळालेली होती. तो सुटला. बाहेर आल्यावर माझे दोन्ही हात धरून तो नुसता उभा राहिला. त्या दिवशी मला कळलं की, ज्याच्या मतांनी मला चीड येते त्याच्या पंचवीस-तीस पानांनी एका माणसाला घरी पाठवलंय आणि ही दोन्ही सत्यं माझ्यासोबत राहणार आहेत.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. हे दोन स्कॅलिया नाहीत, एकच आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय तुला स्वस्थता मिळणार नाही. क्रॉफर्डमध्ये ते उघड म्हणतात की घटना लिहिणाऱ्यांचा न्यायाधीशांवरही पूर्ण भरवसा नव्हता. इतर सरकारी माणसांसारखेच न्यायाधीश, लोकांचे हक्क ते नेहमी जपतीलच असं नाही. म्हणून हक्क शब्दांत बांधून ठेवला. न्यायाधीशावरचा हा अविश्वास त्यांच्या सगळ्या लिखाणाचा कणा आहे. जिथं घटनेत हक्क शब्दांनी लिहिलाय तिथं तो सरकारला एक इंचही हलवू देत नाही. जिथं शब्द मोघम आहेत किंवा घटना गप्प आहे, तिथं तोच अविश्वास म्हणतो की न्यायाधीशानं हात घालू नये, बहुमताला ठरवू दे. लॉरेन्समध्ये ते तेच म्हणाले. तुझ्या मायेच्या माणसाशी तुझं नातं हा गुन्हा ठरवायचा की नाही, हे त्यांनी टेक्ससच्या विधिमंडळावर सोडलं.

तू आणि मी हे मान्य करू शकत नाही. आपण मनेका गांधींच्या 1978 च्या खटल्यापासून भारतीय घटनेचं कलम 21, म्हणजे जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, वाढताना पाहत कायदा शिकलो. 'जीवित' या एका शब्दात प्रतिष्ठा, खाजगीपणा, उपजीविका कशी मावली ते आपल्याला वर्गात शिकवलं गेलं. स्कॅलियांना ही रीत म्हणजे न्यायाधीशानं आपली आवड घटनेच्या नावावर खपवणं वाटायची. ही दरी भरून निघणारी नाही, आणि ती भरायचं काम तुझं नाही.

आमच्या आजोळी दोन चुलत घराण्यांत तीन पिढ्या बोलणं नव्हतं. लग्नाचं आमंत्रण नाही, मयतालाही कुणी फिरकत नसे. पण विहीर सामायिक होती आणि पाण्याची पाळी कधी चुकली नाही. रात्री दोनला पाळी असली तरी मोट, पुढे मोटर, वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद. कुणी कुणाला माफ केलं नव्हतं. सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला होता, तो दोघंही पाळत होते. तुझं आणि स्कॅलियांचं जुळतं ते एवढंच, लिहिलेल्या हिश्शाइतकं.

त्यांच्या बाजूनं ही पाळी त्यांनी खरोखर पाळली का, हे विचारायचा तुला हक्क आहे. पुष्कळदा पाळली, स्वतःच्या आवडीविरुद्ध पाळली. 1984 मध्ये डॅलस शहरात निषेध म्हणून अमेरिकेचा झेंडा जाळणाऱ्याची शिक्षा 1989 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द झाली, त्या पाचांत स्कॅलिया होते. पुढे ते भाषणांतून सांगायचे की, मी राजा असतो तर झेंडा जाळणाऱ्यांना तुरुंगात टाकलं असतं, पण मी राजा नाही. 2001 च्या कायलो खटल्यात ओरेगनमधल्या एका घरात गांजाची लागवड आहे का हे पोलिसांनी रस्त्यावरून उष्णता मोजणारं यंत्र लावून पाहिलं होतं. स्कॅलियांनी लिहिलं की वॉरंटशिवाय हे चालणार नाही, घरातली बाई रात्री किती वाजता आंघोळ करते हेही असं यंत्र सांगू शकेल. उलट बाजूला कोण होतं? उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स. 2004 मध्ये हमदी या अमेरिकी नागरिकाला 'शत्रूचा लढवय्या' ठरवून आरोपाविना डांबलं होतं. स्कॅलिया आणि तेच स्टीव्हन्स एकत्र आले आणि म्हणाले, खटला भरा नाहीतर सोडा, तिसरा रस्ता हवा असेल तर काँग्रेसनं हेबियस कॉर्पस, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घ्यायचा हक्क, रीतसर स्थगित करावा. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. 2013 मध्ये अटक झालेल्या माणसाच्या गालातून डीएनएचा नमुना घ्यायला कोर्टानं हिरवा कंदील दाखवला, तेव्हा विरोधात स्कॅलियांसोबत गिन्सबर्ग, सोटोमायोर आणि केगन या तिघी उदारमतवादी न्यायमूर्ती होत्या.

हे सगळं वाचून भारावून जाऊ नकोस. दुसरी बाजू तितकीच पक्की लिहून ठेव. 1994 मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी फाशीविरुद्ध कळवळून लिहिलं, तेव्हा स्कॅलियांनी त्यांना उत्तर म्हणून अकरा वर्षांच्या एका मुलीच्या बलात्काराचं आणि खुनाचं प्रकरण पुढे केलं. त्यापुढे विषाचं इंजेक्शन किती सुखाचं मरण, असा त्यांचा सूर होता. त्या प्रकरणातला दोषी हेन्री मॅकॉलम 2014 मध्ये डीएनएवरून निर्दोष ठरला. तीस वर्षं तो आत होता. स्कॅलिया तेव्हा हयात होते. ज्या माणसाला रॅलेच्या कागदी जबाबाची एवढी चीड होती, त्याला फाशीच्या रांगेतल्या माणसाबद्दल हीच शंका का आली नाही, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. क्रॉफर्डलाही किंमत आहे. नवऱ्याच्या भीतीनं साक्षीला न येणाऱ्या बायकांची प्रकरणं त्यानंतर सरकारी वकिलांना चालवणं जड गेलं. माझी एक मैत्रीण अशा बायकांबरोबर काम करते, तिनं मला हे तोंडावर सुनावलंय आणि तिचं चुकीचं नाही.

आता जे तुझ्या कामाचं आहे आणि तुझ्या जोडीदारालाही जरूर वाचून दाखव, ते सांगते. 1998 मध्ये जोसेफ ऑन्केल नावाच्या माणसाचा खटला आला. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलफलाटावर त्याच्याच पुरुष सहकाऱ्यांनी त्याचा लैंगिक छळ केला होता. पुरुषानं पुरुषाचा केलेला छळ 1964 च्या नागरी हक्क कायद्यात बसतो का? एकमतानं हो, आणि निकालपत्र स्कॅलियांचं. त्यांनी लिहिलं की कायदा करताना आमदार-खासदारांच्या डोळ्यापुढे हे नसेलही, पण आपण त्यांच्या मनातल्या काळजीनं नाही, कायद्यात लिहिलेल्या तरतुदींनी बांधलेले आहोत. 2016 च्या फेब्रुवारीत ते वारले. त्यांच्या जागी आलेले गोरसच हेही त्यांच्याच पठडीतले. त्याच गोरसच यांनी 2020 मध्ये बोस्टॉक खटल्याचा निकाल लिहिला, 6 विरुद्ध 3. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणून नोकरीवरून काढणं हा लिंगावर आधारलेला भेदभाव आहे. आधार काय? कायद्याचे शब्द, आणि त्या वाटेवरचा एक मोठा दगड म्हणजे ऑन्केल. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती अलिटो खवळले. त्यांचं म्हणणं, गोरसच यांनी स्कॅलियांची पद्धत वापरल्याचा आव आणला आहे, स्कॅलियांना हे कधीच पटलं नसतं. पटलं नसतं हे मला पटतं. पण नेमकं स्कॅलियांनीच शिकवलं होतं ना, की लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारू नका, लिहिलंय काय ते वाचा?

2013 च्या विंडसर खटल्यात समलिंगी विवाहांना मान्यता नाकारणारी केंद्रीय कायद्यातली तरतूद रद्द झाली, तेव्हा भिन्नमतात स्कॅलिया चिडून म्हणाले होते की, या बहुमताच्या तर्कानं उद्या राज्यांमधली समलिंगी विवाहबंदीही जाईल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात युटाच्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश शेल्बी यांनी तिथली बंदी रद्द केली आणि निकालात लिहिलं की, या तर्काबद्दल न्यायमूर्ती स्कॅलियांशी आम्ही सहमत आहोत. मी ते वाचलं तेव्हा जिन्यातली ती दुपार आठवली.

तेव्हा तुझ्या अपिलाचं असं कर. क्रॉफर्ड पहिल्यांदा मांड, पण तिथंच थांबू नकोस. 2009 चा मेलेंडेझ-डायझ घे. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हीसुद्धा साक्ष आहे, लिहिणारा समोर आला पाहिजे, हा निकालही स्कॅलियांचा, 5 विरुद्ध 4. त्यांच्या बाजूला गिन्सबर्ग, उलट बाजूला उदारमतवादीच मानले जाणारे ब्रेयर, म्हणजे नेहमीच्या रांगा मोडल्या होत्या हे तुझ्या ध्यानात येईल. मग 2011 चा बुलकमिंग, तुझ्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा. रक्तातल्या अल्कोहोलचा अहवाल लिहिणारा एक आणि पिंजऱ्यात आलेला दुसरा. तो गिन्सबर्ग यांनी लिहिलाय. मग 2024 चा स्मिथ विरुद्ध ॲरिझोना, केगन यांचा. बदली तज्ज्ञाच्या तोंडून गैरहजर तज्ज्ञाचं म्हणणं आत आणायची पळवाट त्यांनी पुष्कळशी बंद केली. अपिलात निकालाचं नाव येतं, 'कोर्टानं असं ठरवलं' असं आपण लिहितो. व्यक्तीचं कौतुक करायची प्रथा नाही आणि तुझ्या सरांनाही ते लागणार नाही.

जोडीदाराशी भांडू नकोस. तो तुझ्या बाजूनं बोलतोय. त्याला त्या अशिलाबद्दल सांग, नाव न सांगता. तो आत बसलाय, आणि ज्याच्या लेखकाची उलटतपासणी कधी झालीच नाही अशा एका कागदानं त्याला आत बसवलंय, एवढं सांग. लॉरेन्सबद्दलचा राग वेगळ्या वहीत लिही, सविस्तर, परिच्छेदाला परिच्छेद उत्तर देत. मी तशी वही भरली होती. भिन्नमताशी भांडायला ते नीट वाचावं लागतं. गिन्सबर्ग सांगायच्या की, मुलींना प्रवेश नाकारणाऱ्या व्हर्जिनियाच्या लष्करी महाविद्यालयाच्या खटल्यात, 1996 मध्ये, स्कॅलियांनी आपल्या भिन्नमताचा मसुदा त्यांना आधीच नेऊन दिला. त्यांचा शनिवार-रविवार वाया गेला, पण त्यांचा स्वतःचा निकाल त्यामुळे अधिक धारदार झाला.

आणि एक काम आजच कर. जो तज्ज्ञ आला नाही त्याला विचारायचे प्रश्न लिहून काढ. अपिलात ते विचारता येणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी लिही. पाकीट सीलबंद आलं होतं का? किती वाजता उघडलं? त्या दिवशी टेबलावर आणखी किती पाकिटं होती? यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली? नोंद हातानं केली की नंतर संगणकावर? वजन करताना प्लास्टिकची पिशवी काढली होती का? पंधरा-वीस होतील. त्यातला एकही प्रश्न बदली आलेल्या माणसाला विचारून उपयोग नव्हता, हे अपिलाच्या दुसऱ्या पानावर सांग. मसुदा झाला की तुझ्या सरांना विचार आणि त्यांची हरकत नसेल तर, अशिलाचं नाव आणि खुणा काढून, मला पाठव. मी वाचीन.

– तुझी ताई